आनंदावर कर नाही

शेट चहा उभ्यानेच पीत. एक पाय दुकानात, एक पायरीवर, बशी डाव्या हातात. बसा म्हटलं तर म्हणत, "बसलं की गिऱ्हाईक जातं." गिऱ्हाईक नसलं तरी ते बसत नसत. एका दारातून बाहेर पडत, दुसऱ्या दारातून आत येत, वाटेत रंगाचा एखादा डबा उचलून पुन्हा त्याच जागी ठेवत. उजव्या हाताची बोटं रोज वेगळ्या रंगाची असत. सकाळी ती हिरवी दिसली की आदल्या संध्याकाळी हिरवा रंग खपला, हे माडीवर राहणाऱ्यालाही कळे.

माडीवर मी राहत होतो. सोलापुरातल्या एका साप्ताहिकात मला नोकरी होती. म्युनिसिपालिटीच्या सभा, कोर्टातले निकाल आणि बाजारभाव ही माझ्याकडची कामं. शेटांचं दुकान साखर पेठेत, विणकरांच्या वस्तीला लागून होतं. सूत रंगवायचे रंग आणि सोडा ते विकत. गिऱ्हाईक बहुतेक हातमागवाले पद्मसाळी. घरात तेलुगू बोलणारे, शेटांशी मराठीत. ते त्यांना शेट म्हणत, म्हणून मीही तेच म्हणे. शेटांच्या बायकोला मी काकू म्हणत असे.

पेठेत शेटांचं नाव रंगापेक्षा करावरून जास्त होतं. घरपट्टीची बिलं निघाली की पैसे घेण्याच्या पहिल्या दिवशी, पहिल्या खिडकीवर, पहिला माणूस शेट. त्या दिवशी ते पहाटे अंघोळ करत, काळा कोट चढवत, लाल पागोटं बांधत आणि म्युनिसिपालिटीकडे निघत. जवळचा रस्ता होता, पण ते बाजारातून जात. वाटेत कोणी विचारलं, कुठं निघालात, की थांबून सांगत. कोणी विचारलं नाही तरी थांबत. एका वर्षी एका तेलवाल्याने त्यांच्या आधी नंबर लावला. शेटांनी दुसऱ्या नंबरची पावती मुकाट्याने घेतली, घरी आले आणि जेवले नाहीत. पुढच्या वर्षी ते पोचले तेव्हा कचेरी झाडायला माणूस यायचा होता.

काकू म्हणत, "घरात लग्न निघालं तरी एवढी गडबड नसते. पट्टीला हळद लावायची तेवढी राहते."

शेटांच्या दुकानात कराला शिवी देण्याची सोय नव्हती. कोणी सरकारच्या नावाने बोटं मोडली तर शेट त्याचा माल सगळ्यांच्या शेवटी बांधत. म्हणत, "कुरकुरत भरलेला कर दोनदा भरल्यासारखा लागतो. एकदा पैशानं, एकदा तोंडानं." आणखी एक वाक्य होतं, ते मला पहिल्या महिन्यातच पाठ झालं: "मागायला येतात म्हणजे आपल्याकडं काहीतरी आहे असं कुणीतरी मानतंय. न मागणाऱ्याची भीती धरावी." पाणीपट्टी वाढवण्याविरुद्ध सभा झाली तेव्हा शेट तिथे उठून म्हणाले की वाढ थोडी आहे, आणखी चालली असती. त्यांना खाली बसवलं गेलं. ती सभा मी वार्तांकनासाठी ऐकली होती. बातमीत शेटांचं वाक्य घेतलं नाही, कारण वाचणाऱ्यांना ते खोडसाळ वाटलं असतं.

एकदा मी त्यांच्याबरोबर होटगीहून येत होतो. त्यांच्या एका नातेवाइकाने पेरूची करंडी दिली होती. शहराच्या हद्दीवर जकातनाका लागला तेव्हा टांग्यात आमच्याखेरीज दोन बायका होत्या. शेट उतरले, करंडी घेऊन नाक्यावरच्या कारकुनाकडे गेले आणि जकात घ्या म्हणाले.

कारकून म्हणाला, "घरी खायच्या मालाला जकात न्हाय, शेट. जावा की."

"वजन तर करा."

"काय करायचं वजन? धा-बारा पेरू हायती."

"चौदा आहेत. लिहून घ्या."

शेवटी कारकुनाने, टांगा हलावा म्हणून, एका कागदावर 'चौदा पेरू, जकात माफ' असं लिहून सही केली. शेटांनी तो कागद घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. उतरताना टांग्यातल्या बायकांतली एक दुसरीला म्हणाली, "नाका म्हंजी सासुरवाडीच दिसती ह्यांची." शेटांनी ते ऐकलं आणि खुशीत मान हलवली.

हे सगळं मी बरीच वर्षं एका माणसाचा छंद म्हणून पाहत होतो. त्यात एवढी अस्वस्थता का, हे मात्र कळत नव्हतं. आनंदी माणूस इतक्या येरझारा घालत नाही. बोलताना शेटांचे डोळे रस्त्यावर असत. दुकानापुढे दोन माणसं बोलत उभी राहिली तर काहीतरी निमित्त काढून ते त्यांच्या जवळून जाऊन येत.

घरपट्टी सगळेच भरत. इन्कमटॅक्स भरणारी माणसं पेठेत मोजकी होती. शेटांना पहिली नोटीस मी येण्याआधी कधीतरी आली होती. त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले होते, हे वस्तीतल्या पोरांनाही ठाऊक होतं. इतर ठिकाणी अशी नोटीस आली की माणसं वकिलाकडे जात. साखर पेठेत तिचा अर्थ वेगळा होता. विणकर आपली शिल्लक शेटांकडे ठेवत. शहरात बँक होती, पण तिथल्या फळीपलीकडचा कारकून काय बोलतो ते त्यांना समजत नसे. पोस्टात ठेवावं तर पुस्तक घरात सापडे आणि घरातलाच कोणीतरी ते गुत्त्यावर नेई. शेटांकडे ठेवलेलं कोणाला दिसत नसे. दुसरा माग घ्यायचा असला, मुलीचं काही निघालं, की एका मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, येऊन न्यायचं. वस्तीतली वीस घरं असं करत होती. शेटांवर विश्वास का, असं मी एकदा राजय्या नावाच्या तरुण विणकराला विचारलं. तो आश्चर्याने म्हणाला, "सरकार त्यांच्याकडनं घेतो. नसला तर कसा घेईल?"

मग मंदी आली. विणलेली लुगडी व्यापाऱ्यांकडे पडून राहू लागली, गल्लीतले माग दुपारचे बंद दिसू लागले. शेटांची बोटं चार-चार दिवस स्वच्छ असत. जो रंग जाई तो उधारीवर जाई. तरी त्या वर्षी नोटीस आली तेव्हा शेट पागोटं बांधून गेले आणि पैसे भरून आले. पुढच्या वर्षीही गेले. बाजारातून गेले, बाजारातून आले.

तिसऱ्या वर्षी इन्कमटॅक्स कचेरीत नवे साहेब आले. वयाने तरुण, पुण्याकडचे. त्यांनी शेटांचा कागद पाहिला. मंदीत सगळ्यांचे आकडे उतरले होते. या एका माणसाचा तीन वर्षं तसाच होता, आणि त्याने एकदाही तक्रार केली नव्हती. साहेबांनी सरळ अंदाज बांधला. जो इतक्या खुशीने इतकं भरतो तो याच्या चौपट लपवत असणार. त्यांनी तीन वर्षांच्या वह्या घेऊन हजर राहण्याची नोटीस काढली.

नोटीस इंग्रजीत होती. ती वाचायला शेट वर आले. मी वाचून अर्थ सांगितला. ते खिडकीपाशी गेले, दारापाशी आले, पुन्हा खिडकीपाशी गेले.

"वह्या नाही नेल्या तर?"

मी म्हणालो की मग साहेब आपल्या अंदाजाने वाटेल तेवढा कर बसवतील.

"बसवू दे की," शेट म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम उजळला होता. थोड्या वेळाने तो उतरला, कारण वाटेल तेवढा कर भरायला पैसे नव्हते. आठ दिवसांनी आम्ही वह्या घेऊन गेलो. इंग्रजी लागलं तर असावा म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं होतं.

ते लागलं नाही. साहेब मराठीतच बोलले. वह्या पाहायला त्यांना दोन तास लागले. शेट तेवढा वेळ खुर्चीमागे उभे होते. पट्टेवाल्याने दोनदा स्टूल पुढे सरकवलं, दोनदा त्यांनी ते भिंतीला लावलं. शेवटी साहेबांनी चष्मा काढला.

"आपण दाखवता त्याच्या निम्मंही उत्पन्न आपल्याला नाही."

"धंदा आहे साहेब. कमी-जास्त व्हायचंच."

"तीन वर्षं कमीच आहे. कायद्याने आपल्याकडून काही घेता येत नाही."

"घ्या की. मी कुठं नको म्हणतो?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "या टेबलासमोर माणसं रोज रडतात, कमी करा म्हणून. आपली अडचण काय आहे?"

"अडचण काही नाही. मी आनंदानं भरतोय."

"आनंदावर कर नाही. उत्पन्नावर आहे."

यानंतर शेटांनी जे केलं ते करणारा माणूस मी कोर्टातही पाहिलेला नाही. ते टेबलावर थोडे वाकले आणि आवाज उतरवून म्हणाले की वहीत सगळंच लिहिलेलं नसतं, साहेबांनी समजून घ्यावं, थोडं बाहेरचंही असतं. साहेबांनी लगेच टाक उचलला. किती, कुठून, कोणाकडून, नावं सांगा. शेट छताकडे पाहू लागले. नावं सुचेनात. कोणाचं तरी नाव घेतलं तर त्याच्याकडे नोटीस जाणार होती. साहेबांनी टाक खाली ठेवला.

"आपण खोटं बोलताय," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मागच्या दोन वर्षांचंही आपल्याला परत मिळेल. मी वर लिहितो."

"नका लिहू."

"लिहावं लागेल."

बाहेर आल्यावर शेट कचेरीच्या आवारात एका लिंबाला फेऱ्या घालू लागले. मी वह्यांचं गाठोडं घेऊन उभा होतो. त्यांनी मला सगळं सांगितलं ते तसंच चालता चालता. माझ्यासमोरून जाताना जेवढं वाक्य होई तेवढं ऐकू येई, उरलेलं झाडापलीकडे जाई. वीस घरांच्या ठेवी होत्या. त्यांतला पैसा रंगात गेला होता आणि रंग उधारीवर त्याच घरांत गेला होता. पेटीत जे होतं ते तीन-चार जणांना पुरलं असतं. कर भरणाऱ्यांच्या यादीतून नाव गेलं हे कळलं की पुढच्या मंगळवारी वीसही जण दारात उभे राहणार. पहिल्या चौघांना मिळणार, उरलेल्या सोळांचं बुडणार.

मी विचारलं, "म्हणून भरत होता?"

ते थांबले. "पहिल्यांदा खरंच मिळत होतं हो. तेव्हा भरताना छाती फुगायची. मग मिळेना झालं. पण थांबायचं कसं? तुम्हीच सांगा."

घरी येताना त्यांनी बाजाराचा रस्ता धरला आणि ओळखीच्यांना नमस्कार करत चालले. एकाने विचारलं, काय शेट, कचेरीत? शेट म्हणाले, "बोलावलं होतं साहेबानं. आमच्याशिवाय त्यांचं भागतंय का?"

परतावा वरून मंजूर होऊन यायला काही महिने लागणार होते. ते महिने शेटांनी टपाल कचेरीच्या दारात काढले असं म्हटलं तर फार चुकणार नाही. रोज सकाळी पिशव्या उघडण्याच्या वेळेला ते तिथे हजर. कागद टपालाने आला तर वाटेतच घ्यायचा, दुकानात येऊ द्यायचा नाही, असा त्यांचा बेत होता. पोस्टमास्तरांना वाटलं, यांचा कोणी मुलगा पळून गेला असावा. त्यांनी एकदा हळूच चौकशीही केली. शेटांनी तेही नाकारलं नाही.

दिवाळी झाली. काकूंचं म्हणणं, यंदा त्यांनी फराळसुद्धा चालताना केला. करंजीचा चुरा घरभर सापडत होता. विणकरांना शेट नेहमीसारखेच दिसत. उलट जास्तच हसत. दुकानात कोणी पट्टीविषयी काही बोललं की शेट कराची बाजू पूर्वीपेक्षा जोरात घेत, इतकी की एकदा राजय्या मला म्हणाला, "शेट थकला काय? लई बोलतो."

कागद टपालाने आलाच नाही. एका मंगळवारी, भर बाजारात, कचेरीचा पट्टेवाला तो घेऊन दुकानात आला. दुकानात आठ-दहा विणकर होते. पट्टेवाल्याने शेटांचं पूर्ण नाव मोठ्याने घेतलं आणि म्हणाला, "सरकारकडनं तुमचे पैसे परत आल्यात. हितं सही करा." शेटांनी सही केली. मी त्या वेळी जिन्यावर होतो. मग एक म्हातारा विणकर पुढे झाला, कागद उलटसुलट करून पाहिला आणि दुसऱ्याला तेलुगूत काहीतरी म्हणाला. तो तिसऱ्याला म्हणाला. तिघेही बाहेर गेले.

शेटांनी डब्यांच्या फळीला पाठ टेकली. पुढच्या मंगळवारी वीस माणसं दारात येतील, असं तेही धरून चालले होते आणि मीही.

पुढच्या मंगळवारी सहा माणसं आली. कोणी ठेव मागायला आलं नव्हतं. सहाही जण नवी ठेव ठेवायला आले होते.

वस्तीने त्या कागदाचा लावलेला अर्थ मला राजय्याने सांगितला. सरकार सगळ्यांकडून घेतं, परत कोणालाच देत नाही. साखर पेठेत, बुधवार पेठेत, कोणाला आजवर दिलेलं नव्हतं. शेटांना दिलं. म्हणजे सरकारही शेटांचं देणं लागतं. असा माणूस शहरात दुसरा नाही.

शेटांनी त्या सहांना काहीतरी कारण सांगून परत पाठवलं. पेटीची किल्ली काकूंकडे आहे, काकू माहेरी आहेत, पुढच्या मंगळवारी या. काकू आत भाकरी थापत होत्या आणि थापण्याचा आवाज दुकानात येत होता. त्यानंतरच्या मंगळवारी नऊ जण आले. शेट मागच्या दाराने बाहेर पडले आणि संध्याकाळपर्यंत फिरत राहिले. त्या दिवशी होटगीच्या रस्त्यावर त्यांना पाहिल्याचं माझ्या कचेरीतला एक जण म्हणाला. हातात काही नव्हतं, कुठे जात होते तेही सांगता येईना.

मी त्यांना म्हणालो की ठेवी घ्या, मंदी सरली की देता येतील. मी हे म्हणालो ते इथे नोंदवून ठेवतो. शेट म्हणाले, "तोच हिशोब मी दोन वर्षं केला."

बालम्मा ही राजय्याची आई. नवरा गेलेला. ती घरोघर जाऊन मागासाठी सुताच्या कांड्या भरून देई, आणि राजय्यासाठी दुसरा माग घ्यायचा म्हणून तिची शिल्लक शेटांकडे होती. ती मंगळवारची वाट न पाहता एका गुरुवारी आली. दुकानात शेट आणि मी होतो. तिने कनवटीची पुरचुंडी काढून गल्ल्याच्या फळीवर ठेवली.

शेट किल्लीचं सांगू लागले. तिने आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "काकू तर आत हाय. आवाज येतो."

शेट एका दारातून बाहेर गेले आणि दुसऱ्या दारातून आत आले. ती तिथेच होती.

"घेऊन जा, बालम्मा. मला नको."

"आदी घेतला, आता का नको? सरकार बी तुमाला परत दिला."

"म्हणूनच दिला. मला मिळत नाही म्हणून दिला." शेट फळीपलीकडे तिच्यासमोर उभे राहिले होते. "तीन वर्षं झाली. धंद्यात काही मिळत नाही. तुमच्या ठेवी रंगात अडकल्यात, पेटीत आहे ते चौघांना पुरेल. साहेबानं वह्या बघितल्या आणि म्हणाला, तुमच्यावर कर बसत नाही. जादा भरलेला तो परत आला."

बालम्माला समजायला वेळ लागला. मग तिने विचारलं, "मिळत नव्हता तर भरला कशाला?"

"तुम्ही ठेवावं म्हणून."

पुरचुंडी तिने उचलली आणि कनवटीला लावली. नंतर म्हणाली, "आदीचा बी द्या." शेट आत गेले. परताव्याचे पैसे जसे आले तसे ठेवलेले होते. त्यांतून त्यांनी तिचं सगळं दिलं. तिने ते पायरीवर बसून दोनदा मोजलं. उठताना ती माझ्याकडे वळून, कदाचित मी शिकलेला म्हणून, म्हणाली, "तुमी माडीवर राहता. तुमाला म्हाईत होता." मला माहीत होतं.

तो गुरुवार होता. मंगळवारपर्यंतचे चार दिवस शेटांनी दुकान उघडं ठेवलं, पण रंगाच्या डब्यांना हात लावला नाही. काकूंनी कपाटातल्या वस्तू काढून एका बाजूला लावल्या, कोणती आधी विकायची या हिशोबाने. कोणी विचारायला आलं नाही. वस्तीतून जाताना मला नेहमीसारखे नमस्कार होत होते, पण कोणी थांबून बोलत नव्हतं.

मंगळवारी एक माणूस आला. एकच. मागच्या महिन्यात कागद उलटसुलट करून पाहणारा म्हातारा विणकर. त्याने शेटांना सांगितलं की आपल्याकडे रंगाची जी बाकी आहे ती आधी कापा, मग उरेल ते द्या. कापून उरलं ते थोडं होतं. शेटांनी दिलं. जाताना त्याने रोख पैसे टाकून एक पुडी रंग घेतला. त्यानंतर दिवसभर कोणी आलं नाही. दिवे लागेपर्यंत शेट रस्त्याकडे बघत होते.

पुढच्या मंगळवारीही एकच माणूस आला, वेगळा. बाकी कापा म्हणाला. पुढच्याही मंगळवारी एकच.

काय ठरलं होतं ते राजय्याने मला खूप नंतर सांगितलं. बालम्मा त्या गुरुवारी तडक जातीच्या पंचांकडे गेली होती. बायका पंचांपुढे फारशा बोलत नसत, ती बोलली. सगळे एकदम गेले तर चौघांचं येईल, बाकीच्यांचं जाईल, असं तिने सांगितलं. पंच आधी संतापले. शेटांना बोलावून जाब विचारावा, असंही काहीजण म्हणाले. शेवटी ठरलं की एका मंगळवारी एकच घर जाईल. आधी ज्यांना नड जास्त ते जातील. जो आपली बाकी कापून घेणार नाही त्याला पाळी नाही. आणि जो घाई करील त्याच्या घरी कांडी भरायला कोणी जाणार नाही. शेटांना यातलं काही कळवायचं नाही, हेही ठरलं. ते का, असं मी विचारलं. राजय्या म्हणाला, "तो बी आमाला सांगितला नव्हता की."

मी यावर एक मजकूर लिहून संपादकांना दिला, नावं न घेता. त्यांनी वाचून विचारलं, यात कोणाचं बुडालं का? नाही. दिवाळं निघालं? नाही. मग बातमी काय? त्यांनी तो कागद परत दिला. आमच्या धंद्याच्या नियमाने त्यांचं बरोबर होतं.

एकोणीस मंगळवार लागले. काकूंच्या बाजूला काढलेल्या वस्तूंपैकी दोनच विकाव्या लागल्या. ज्याला त्याला आपलं मिळालं, उधारीही फिटली, आणि दुकान अगदी लहान झालं. मागची खोली शेटांनी भाड्याने दिली. शेवटच्या मंगळवारी शेवटचं घर येऊन गेलं तेव्हा मी विचारलं, आता कसं वाटतं. शेट म्हणाले, "आता मला कुणी विचारायचं कारण नाही," आणि दोन्ही दारं लावून झोपायला गेले. दुपारचे तीन वाजले होते.

त्या उन्हाळ्यात घरपट्टीचे पैसे घेणं सुरू झालं. पहिल्या दिवशी शेट घरीच होते. दुसऱ्या, तिसऱ्याही. मी विचारलं नाही. दोन आठवड्यांनी, एका सभेच्या कामासाठी म्युनिसिपालिटीत गेलो तेव्हा ते मला रांगेत दिसले. पागोटं नव्हतं, कोट नव्हता. टोपी आणि सदरा. त्यांच्या पुढे पंधरा-सोळा माणसं होती. रांगेवरचा पत्रा उन्हाने तापला होता आणि प्रत्येक जण खिडकीवरच्या कारकुनाला काहीतरी सुनावत पैसे टाकत होता.

शेटांचा नंबर आला. त्यांनी बिल खिडकीत सरकवलं आणि म्हणाले, "हा आकडा कुणी काढला?"

कारकुनाने मान वर केली. तो त्यांना बारा वर्षं ओळखत होता. "का, शेट?"

"का म्हणजे? मागच्या खोलीचा पत्रा गळतो. नळ सकाळी तासभर येतो, तोही दोरीएवढा. दिवा चौकात आहे, आमच्या गल्लीत अंधार. आणि पट्टी बघा. लुबाडता काय लोकांना?"

मागून कोणीतरी म्हणालं, "बरोबर बोलला शेट," आणि दुसऱ्याने आपल्या नळाचं काढलं. कारकुनाने खिडकीतून डोकं बाहेर घालून विचारलं, "तब्येत बरी हाय नव्हं?"

शेट पत्र्याविषयी बोलतच राहिले. दहा मिनिटं बोलले, घाम पुसला, पुन्हा बोलले. अर्ज केला तर कमी होईल का, हे त्यांनी तीनदा विचारलं. करून बघा, असं उत्तर मिळाल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं, तेव्हा मी त्यांना दिसलो.

आवारात एक बाक होतं. शेट माझ्या शेजारी बसले आणि सांगू लागले. पट्टी कमी करण्याचा अर्ज मी तिथेच लिहिला.